ताबा म्हणजे मालकी नव्हे

जयपूरच्या टोंक रस्त्यावर, दुर्गापुरा स्टेशनच्या आसपास प्लॉट बघणाऱ्याला दोन भाव ऐकू येतात. जेडीए पट्ट्याचा, म्हणजे जयपूर विकास प्राधिकरणाने दिलेल्या पट्ट्याचा भाव चढा. गृहनिर्माण सहकारी समितीने दिलेल्या ‘सोसायटी पट्ट्या’चा बराच कमी. फरक कशाचा असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : अख्ख्या वसाहती सोसायटी पट्ट्यावर उभ्या आहेत, वीज आहे, पाणी आहे, ताबा तुमचाच राहणार. नोटरीच्या कागदावर गुंठेवारीतला प्लॉट घेतलेल्या पुण्या-नाशिककडच्या माणसालाही हा युक्तिवाद तोंडपाठ असेल.

तो निव्वळ खोटा नाही. सरकारनेच त्याला बळ दिले आहे. शेतजमिनीवर बेकायदा वसलेली घरे नियमित करण्यासाठी राजस्थानने भू-राजस्व अधिनियमात तरतुदी केल्या. १७ जून १९९९ ही त्यातली महत्त्वाची तारीख. नियमनाची शिबिरे पुढेही भरत राहिली. महाराष्ट्राने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला आणि १ जानेवारी २००१ ची मर्यादा पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकवली. ज्यांना प्राधिकरणाचा प्लॉट परवडलाच नसता अशा हजारो कुटुंबांनी याच वाटेने डोक्यावर छप्पर आणले. त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पण आज नव्याने पैसे ओतणाऱ्याने या पट्ट्याचे मूळ तपासलेच पाहिजे. बहुतेकदा शेतजमिनीच्या खातेदाराने समितीशी केलेला असतो तो नुसता इकरारनामा, म्हणजे विक्रीचा करार, तोही विनानोंदणीचा. त्या आधारावर समिती प्लॉट पाडते आणि सभासदांना पट्टे वाटते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ स्पष्ट सांगते की विक्रीच्या करारामुळे जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. समितीकडेच जो हक्क आला नाही तो ती सभासदाला कुठून देणार? शिवाय नियमनासाठी तारीख ठरली की तिच्या आधीची तारीख घातलेले पट्टे तयार होतात, आणि एकाच प्लॉटचे दोन पट्टेधारक समोरासमोर उभे राहतात. ‘पुढच्या शिबिरात होईल नियमित’ या आशेलाही मर्यादा आहे. राजस्थान कुळ कायदा, १९५५ च्या कलम ४२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या खातेदाराची जमीन त्या वर्गाबाहेरच्या माणसाला विकली, तर तो व्यवहारच रद्दबातल ठरतो. अशा जमिनीवर घर बांधून माणूस तिथे कितीही वर्षे राहिला तरी व्यवहार शुद्ध होत नाही.

मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र असा तिहेरी संच देऊन ‘विक्री’ करण्याची पद्धतही जुनी. ‘सूरज लॅम्प’ खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा कागदांनी मालकी जात नाही. त्यासाठी नोंदणीकृत हस्तांतरणपत्रच लागते.

यावर एक जास्त वजनदार आक्षेप येतो. नोंदणी केली तरी मालकीची हमी कुठे मिळते? हे बरोबर आहे. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची नाही. विकणाऱ्याने मालकीचा पुरावा दाखवावा, अशी अट घालणारा तामिळनाडूचा नियम २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मालकी ठरवणे हे निबंधकाचे काम नाही, हेच त्यामागचे कारण. जमाबंदी काय किंवा आपला सातबारा काय, महसुलाच्या नोंदी आहेत. फेरफाराने मालकी येत नाही. पण म्हणून नोंदणी निरुपयोगी ठरत नाही. निबंधक मालकी तपासत नाही, तेव्हा ती तपासण्याची सगळी जबाबदारी घेणाऱ्यावर येते. दस्त नोंदवलाच पाहिजे, आणि त्याआधी तीस वर्षांची कागदांची साखळीही वाचलीच पाहिजे.

मला सर्वांत जास्त खुपतो तो युक्तिवाद घरातला आहे. समजा, दुर्गापुऱ्यात वडिलांनी स्वकष्टाने घर बांधले आणि मृत्युपत्र न करता ते गेले. आई आणि थोरला भाऊ तिथेच राहतात, धाकटा पुण्यात, बहीण नागपुरात. ‘सगळं दादाच बघतो, ताईला काय करायचंय?’ असे म्हणत घर दादाच्या नावावर चढते आणि तो गिऱ्हाईक शोधू लागतो. मुलीला हक्क हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, हा समज इथे सर्रास आडवा येतो. ती दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित, सहदायकी मालमत्तेबद्दल होती. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत हिंदू मुलगी १९५६ पासूनच आई आणि भावांइतकीच वारस आहे. आईचा चौथा हिस्सा तर कुणी मोजतच नाही.

दादाने पूर्ण घर विकले तरी घेणाऱ्याला मिळतो दादाचा हिस्सा, तेवढाच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात त्या परक्या माणसाला एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावला, तर विभाजन अधिनियम, १८९३ चे कलम ४ घरच्यांना त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची मुभा देते. लाखो रुपये मोजून त्याने खटलाच विकत घेतलेला असतो.

बहिणीला खरोखर हिस्सा सोडायचा असेल तर तिला आधी त्याची आजची किंमत सांगा. मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. किंमत न सांगता घेतलेली सही हे प्रेम नाही.

नवरा-बायको किंवा भावंडे मिळून घर घेत असतील, तर कुणाचा हिस्सा किती हे खरेदीखतातच लिहा. नाहीतर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसेल तर सगळे समान.

दुर्गापुऱ्यात प्लॉट बघत असाल तर टोकन देण्याआधी जमाबंदीवर मूळ खातेदार कोण आणि कोणत्या वर्गातला ते पाहा. नियमनाचा आदेश आणि जेडीएचा पट्टा मागा, नकाशावर प्लॉटचा क्रमांक जुळवा, पैसे बँकेतून द्या, एकूण एक वारसाची सही घ्या. यातला एकही कागद दाखवायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर भाव कितीही कमी असो, तो व्यवहार सोडून द्या.