पहिल्या पानाची हमी आणि मामूंची जवारी

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला गेलो होतो. मामूंचे तंतुवाद्यांचे छोटे दुकान आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी सतार-तानपुऱ्याकडे वळली, त्या परंपरेतले हे काम. चहा झाल्यावर मामूंनी एक कागद पुढे केला. "मास्टर, तुम्ही शिकलेले आहात. हे काय आहे ते जरा बघा."

ते वेबसाइटचे बिल होते, 30 हजार रुपयांचे. सोबत छापील वचन : 'तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर येण्याची हमी.' तीन महिने होऊन गेले होते. दुकानाचे नाव टाइप केले तर वेबसाइट दिसत होती. पण नाव ज्याला आधीच माहीत आहे, त्याला वेबसाइटची गरजच काय? 'तानपुरा दुरुस्ती मिरज' असे शोधले, तर मामूंचा पत्ता नाही.

मी वेबसाइट उघडली. मजकूर इंग्रजीत, 'भारतातील सर्वोत्तम सतार' हे शब्द एकाच पानावर अकरा वेळा. त्यातले एक वाक्य उचलून शोधले, तर तेच वाक्य आणखी चार दुकानांच्या वेबसाइटवर सापडले. खाली ग्राहकांचे सहा अभिप्राय होते. मामू म्हणाले, "यांतला एकही माणूस माझ्या दुकानाची पायरी चढलेला नाही."

मी भाषेचा शिक्षक. उत्तर येत नसले की मुले प्रश्नातलेच शब्द पुन्हा पुन्हा लिहून पान भरतात. तपासणाऱ्याला ते कळते. गूगललाही कळते, आणि आज नव्हे, बऱ्याच वर्षांपासून कळते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ज्या कल्पनेवर शोधयंत्र उभारले ती साधी होती : एका पानाने दुसऱ्याची लिंक देणे म्हणजे शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याचे वजन जितके जास्त तितकी ती मोलाची. मग लोकांनी शिफारशी विकत घ्यायला सुरुवात केली. 2011 मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल करून उसन्या, पोकळ मजकुराची पाने मागे ढकलली. 2012 मध्ये 'पेंग्विन' आणून विकतच्या लिंकांना चाप लावला. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे तर गूगल स्वतःच सांगते. तरीही आपल्या गावांत ही हमी विकली जाते, कारण घेणाऱ्याला विचारायचे काय तेच ठाऊक नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे : वेबसाइट वर येण्याची सगळ्यात मोठी भांडवली वस्तू कारागिराच्याच डोक्यात असते, आणि आपण ती सोडून बाकी सगळ्यावर पैसे खर्च करतो.

मी मामूंना विचारले, "गिऱ्हाईक फोनवर काय विचारते?" ते सांगू लागले. आवाज बसला, जवारी पुन्हा करावी लागेल का? बाईंच्या आवाजाला कोणता तानपुरा? भोपळ्याला चीर गेली, तो बदलता येतो का? तारा घासून घोडीवर खाचा कशा पडतात, मग जवारी कशी उतरते, तारेखाली सुताचा धागा नेमका कुठे सरकवायचा, हे मामू अर्धा तास बोलत होते. मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा कसा पारखायचा, तेही सांगितले. यातला एक शब्दही त्यांच्या वेबसाइटवर नव्हता. लोक जे शोधतात ते हेच. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळाले. त्याचा फायदा, ज्यांनी आपले काम शब्दांत मांडले आहे, त्यांनाच आधी होणार.

आपल्या समाजातली आणखी एक अडचण सांगतो. उर्दूतला मजकूर आपण इनपेजमध्ये लिहितो आणि त्याचे चित्र करून वेबसाइटवर चिकटवतो. मराठीतही जुन्या फॉन्टमधल्या जाहिराती तशाच चढवतो. माणसाला ते सुंदर दिसते, पण शोधयंत्रासाठी ती अक्षरे नव्हेत, नुसते चित्र. मजकूर युनिकोडमध्येच हवा. चित्र टाकायचे तर त्यात काय आहे ते शब्दांत लिहायला हवे.

आता खोट्या अभिप्रायांबद्दल. "सगळेच करतात" हे उत्तर मला ठाऊक आहे. भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढले, ते याच रोगावर. पण आपल्याला त्यासाठी सरकारी मानकाची वाट का पाहावी लागावी? मापात मारणाऱ्यांना कुरआनने किती कडक शब्दांत बजावले आहे, हे मदरशात जाणारे पोरही जाणते. खोटा अभिप्राय म्हणजे मापात मारणेच. फक्त तराजू दिसत नाही.

याचा अर्थ पैसे देऊन मदत घेऊच नये, असा नाही. प्रामाणिकपणे काम करणारी मुले आहेत, त्यांना मेहनताना मिळालाच पाहिजे. जाहिरात देणेही वावगे नाही. फक्त पैसे थांबले की जाहिरात थांबते, हे लक्षात असू द्यावे. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. डोमेन कोणाच्या नावावर असेल? मजकूर कोण लिहिणार? आणि सर्च कन्सोलचा ताबा मला मिळेल ना? हे साधन फुकट आहे. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले, ते त्यात दिसते. नकाशावर दुकानाची नोंद करणेही फुकटच आहे. नाव, पत्ता, फोन मात्र सगळीकडे एकसारखे हवेत.

मामूंना पहिला प्रश्न विचारायला कोणी सांगितले नव्हते. डोमेन त्या लोकांच्या नावावर निघाले. म्हणजे चाळीस वर्षांच्या दुकानाच्या पाटीचा मालक तिसराच! ते सोडवून घ्यायला वेळ लागेल, कदाचित नवे नावही घ्यावे लागेल.

निघायच्या आदल्या रात्री मामू सांगत होते आणि अकरावीतली त्यांची नात मोबाइलवर मराठीत टाइप करत होती. विषय : जवारी उतरली हे कसे ओळखावे. दोन ठिकाणी मामूंनी तिला थांबवले, "असे नको लिहू, हे प्रत्येक वाद्याला लागू होत नाही." ते पान पहिल्या पानावर येईल की नाही, मी हमी देत नाही. पण त्यात लिहिलेला शब्द न् शब्द मामूंचा आहे, आणि खरा आहे.