विश्लेषण : दीर्घिकांच्या गर्दीवरून डार्क मॅटरचे वजन कसे कळते?

दीर्घिका आकाशात सारख्या अंतराने विखुरलेल्या नाहीत; त्या घोळक्याने राहतात. त्यांना बांधून ठेवणारे डार्क मॅटर मात्र दिसत नाही. विश्वातील एकूण पदार्थात त्याचा वाटा सुमारे ८५ टक्के. मग न दिसणाऱ्या गोष्टीचे वजन करायचे कसे?

गर्दी कशी मोजतात?
ठरावीक अंतरावर असलेल्या दीर्घिकांच्या जोड्या मोजल्या जातात. त्याच भागात तेवढेच ठिपके कसेही विखुरले, तर किती जोड्या मिळतील, याच्याशी तुलना होते. जवळच्या जोड्या जितक्या जास्त, तितकी गर्दी दाट.

त्यातून काय कळते?
दीर्घिका डार्क मॅटरच्या मोठ्या गोळ्यात, म्हणजे 'हेलो'मध्ये वसलेल्या असतात. जड हेलो दुर्मीळ असतात आणि जिथे पदार्थ मुळातच दाट, तिथेच ते गटाने तयार होतात. दीर्घिकासमूहांबाबत हे गणित निक कैसर यांनी १९८४ मध्ये मांडले. त्यामुळे दूरच्या दीर्घिकांची गर्दी जास्त दाट दिसली, की त्यांचे हेलोही जड असल्याचे कळते.

आपला संबंध काय?
पुण्यातील आयुका, आयसर आणि सहकारी शास्त्रज्ञांनी सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूरचा 'सरस्वती' महासमूह शोधल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. त्यासाठी वापरली स्लोन सर्वेक्षणाची सर्वांना खुली असलेली माहिती. दुर्बीण अमेरिकेत, शोध पुण्यात! जनतेच्या पैशांतून उभ्या राहणाऱ्या दुर्बिणींची माहिती अशीच खुली राहायला हवी. ती वाचू शकणारे विद्यार्थी घडवण्यावर आपल्या विद्यापीठांनीही खर्च करायला हवा.