प्रतिसाद नाही, म्हणजे जाणीव नाही?

‘त्यांना आता काही कळत नाही’ हे वाक्य अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना अनेकदा ऐकावे लागते. रुग्ण डोळे उघडतो, पण हाकेला ओ देत नाही. हात दाबायला सांगितले तरी बोट हलत नाही. म्हणजे जाणीव संपली, असे मानले जाते. ते दरवेळी खरे नसते.

२००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अशाच एका २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये टेनिस खेळण्याची कल्पना करायला सांगितले. निरोगी माणसाच्या मेंदूतील जो भाग अशा वेळी कार्यरत होतो, तोच तिच्याही मेंदूत झाला. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील अभ्यासात, सूचनेला बाहेरून प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या, म्हणजे चौघांतील एकाच्या, मेंदूने एफएमआरआय किंवा ईईजी चाचणीत सूचना पाळल्याचे दिसले.

पण यंत्राला अंतिम न्यायाधीश मानण्याचे कारण नाही. त्याच अभ्यासात उघडपणे सूचना पाळणाऱ्या ११२ रुग्णांपैकी केवळ ४३ जणांमध्ये ही खूण सापडली. यंत्राचा ‘होकार’ मोलाचा. त्याचे मौन म्हणजे ‘नकार’ नव्हे. मेंदूमृत्यू ही स्थिती मात्र पूर्णपणे वेगळी. तिथे मेंदूचे कार्य कायमचे थांबलेले असते आणि अवयवदानाच्या निर्णयाशी या संशोधनाची गल्लत करू नये.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग चार दशके अशा अवस्थेत होत्या. त्यांच्याच प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाला मर्यादित मान्यता दिली. २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य झाला. तो हक्क योग्यच. पण उपचार थांबवण्याचा निर्णय अचूक निदानावर उभा असायला हवा.

त्यासाठी प्रत्येक रुग्णालयात महागडा स्कॅनर येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. ठरलेल्या मोजपट्टीने, वेगवेगळ्या वेळी, पुन:पुन्हा केलेली खाटेजवळची तपासणीही बरेच काही सांगते. २००९ मधील एका अभ्यासात, जाणीव नसल्याचे निदान झालेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांत अशा तपासणीने जाणिवेच्या खुणा आढळल्या होत्या. तिला लागतो तो वेळ आणि प्रशिक्षण.

आणि तोवर एवढे तरी पाळावे: रुग्णाच्या खाटेशेजारी त्याच्याविषयी नव्हे, त्याच्याशी बोलावे. तो कदाचित ऐकत असेल.