उलटा फिरणारा पाळणा
रे ब्रॅडबरी यांची १९६२ची ‘समथिंग विकेड धिस वे कम्स’ ही इंग्रजी कादंबरी आम्ही सुटीत वाचली. अमेरिकेतल्या एका गावात ऑक्टोबरच्या रात्री रेल्वेने जत्रा येते. तिथला घोड्यांचा पाळणा सुलटा फिरला की वय वाढते, उलटा फिरला की घटते. जिमला, म्हणजे जेमतेम १४ वर्षांच्या पोराला, झटपट मोठे व्हायचे असते. (आमच्या वर्गात असे जिम पुष्कळ!) पण आम्ही अडकलो मिस फोलीपाशी. ती मुलांची शिक्षिका. तरुणपणाच्या मोहात ती एवढीशी पोर होऊन झाडाखाली रडत बसते. तिला ओळखणार कोण? केसांना मेंदी लावून बसलेल्या आम्हाला ते पान उलटवेना. घरातल्या मोठ्या मुलांना जरूर द्या, पण रात्री नको.