हूड मागे टाकलं की



"चलथाणात उघडी गाडी कशाला?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. रास्तच होता. दुपारचं ऊन, हायवेवर ट्रकची धूळ, पाऊस आला की हूड चढवायची धांदल. तरी कापडी हूडची सेकंडहँड थार घेतली, २०२० साली आलेल्या नव्या मॉडेलमधली. ती आपल्या नाशिकला बनते म्हटल्यावर बाबा जरा नरमले.

डिसेंबरात एका पहाटे हूड मागे टाकून त्यांना कडोदऱ्याकडे नेलं. कानाला मफलर, तोंडावर रुसवा. साखर कारखान्याजवळ उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत मळीचा वास. बाबा म्हणाले, "हळू घे."

मग बोलायलाच लागले. शिरपूरहून आले तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरवर बसून या गावात शिरले होते, खिशात भाड्यापुरतेही पैसे नव्हते. मी सव्वीस वर्षांचा, हे पहिल्यांदाच ऐकत होतो. एसी गाडीतून याच रस्त्याने शेकडो वेळा गेलो असू. काचा बंद, गाणी चालू. ऐंशीच्या वेगात उघड्या गाडीतही काही ऐकू येत नाही, म्हणून तीसनेच गेलो.

असे दिवस वर्षात वीसेक. हप्ता मात्र बारा महिने! परवा बाबाच म्हणाले, "रविवारी हूड काढ." आईही येणार आहे, स्कार्फ शोधतेय.