कल्पित प्राणिचरित्रे आणि समीक्षेची टाळाटाळ

दिल्लीच्या सरोजिनी नगरातील बाजारात निर्यातीतून उरलेल्या कपड्यांचे ढीग उपसताना चष्मा लावलेले मांजर, टाय बांधलेला कुत्रा किंवा मुकुट चढवलेला सिंह छापलेला सदरा हमखास हाती येतो. गिऱ्हाईक हसते, भाव पाडते आणि सदरा घेऊन जाते. मांजराला चष्मा का लागला, हे कोणी विचारीत नाही. विचारण्याजोगे काही त्या चित्रात नसतेच. त्याला वेष आहे, पूर्ववृत्त नाही. ही निव्वळ लहर होय, आणि लहरीवर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो समीक्षेच्या एका जुन्या सवयीवर. प्राण्याचे चित्र आणि त्याला जोडलेले कल्पित चरित्र समोर आले की समीक्षा त्यालाही याच ढिगात टाकते, किंवा बालवाङ्मयाच्या कपाटात ठेवून मोकळी होते.

या सवयीची किंमत लहान नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. वानरटोळ्यांमधील सत्तासंघर्ष हा तिचा विषय. तिच्याकडे मानवी राजकारणाचे रूपक म्हणून पाहण्याचा मोह पुष्कळांना झाला. जणू वानर हे वानर म्हणून वाङ्मयात उभे राहिले तर वाङ्मयाची प्रतिष्ठा कमी होते! प्राण्याला चरित्र देणे म्हणजे माणसाला मुखवटा देणे, एवढेच समीकरण मराठी समीक्षेने पाठ केले आहे. पंचतंत्रातील दमनक आणि करटक यांना ते लागू पडेल. प्रत्येक प्राण्याला लागू पडणार नाही.

मोगल दरबाराचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. जहांगिराने बाळगलेल्या सारस पक्ष्यांच्या जोडीला लैला आणि मजनू अशी नावे होती. नावांबरोबर एक संपूर्ण प्रेमकथा त्या पक्ष्यांच्या वाट्याला आली. ती अर्थातच कल्पित होती. परंतु त्याच बादशहाने त्यांचे मीलन, अंडी आणि आळीपाळीने चालणारे उबवणे यांची बारकाईने नोंद आपल्या आत्मचरित्रात केली. १६२१ साली झेब्रा दरबारात आला तेव्हा त्याचे पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, अशी शंका आली. तपासाअंती ते नैसर्गिक ठरले आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. एकाच दरबारात सारसांना प्रेमिकांची नावे मिळतात आणि झेब्र्याचे पट्टे तपासले जातात. कल्पना आणि निरीक्षण यांचे येथे वैर नाही. कारण कोणती गोष्ट कोणत्या खात्यावर मांडायची, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक आहे.

हे भान सुटले म्हणजे काय होते, ते पाहण्यासाठी रायगडावर जावे. शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ सालापासून उभे आहे. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या या कुत्र्याची कथा हृदयाला भिडणारी आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकामुळे ती मराठी मनात रुजली, असे सामान्यतः मानले जाते. समकालीन साधनांत मात्र असा कुत्रा आढळत नाही, असे अनेक इतिहास-अभ्यासक सांगतात. २०१२ साली हा पुतळा हटवण्यात आला आणि पुन्हा बसवण्यात आला. २०२५ साली तो हटवण्याची मागणी पुन्हा पुढे आली.

या वादातील दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे, हे कोणी ध्यानात घेत नाही. एक पक्ष म्हणतो, कथा खरी नाही, म्हणून तिला जागा नाही. दुसरा म्हणतो, कथा प्रिय आहे, म्हणून ती खरी आहे. कल्पित गोष्टीला कल्पित म्हणूनच मोल असू शकते, ही तिसरी शक्यता दोघांच्याही हिशेबात नाही. आणि ती हिशेबात आणून देण्याचे काम ज्यांचे, ते साहित्याचे अभ्यासक ‘हा इतिहासाचा प्रश्न आहे’ असे म्हणून बाजूला उभे राहतात. वास्तविक निष्ठावंत प्राण्याची कथा एका विशिष्ट काळात समाजाला का हवीशी झाली, हा वाङ्मयाचाच प्रश्न आहे.

शेखूपुऱ्याच्या हिरण मिनाराशी तुलना करून पाहावी. तेथेही एका प्राण्याचे स्मारक आहे. जहांगिराने आपल्या मन्सराज नावाच्या लाडक्या हरणाच्या थडग्यावर हरणाच्या आकाराचा दगड बसवला, लेख कोरविला आणि त्या रानात हरणांच्या शिकारीस मनाई केली. भावना तेथेही उत्कट आहे. फरक इतकाच, की त्या हरणाची साक्ष धन्याने स्वतः लिहून ठेवली आहे. वाघ्याची साक्ष लोकमानसाने आणि नाटककाराने दिली आहे. दोन्ही साक्षी मोलाच्या आहेत, पण त्या दोन निरनिराळ्या गोष्टींच्या साक्षी आहेत.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ‘हे कल्पित आहे’ अशी पाटी लावली की कथेतला प्राणच निघून जातो. हा आक्षेप वाचकाला कमी लेखणारा आहे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल कधी जन्मले नाहीत, हे ठाऊक असूनही त्यांची तुटलेली मैत्री शतकानुशतके वाचकाला अस्वस्थ करीत आली. त्या कथा अरबीत ‘कलीला व दिम्ना’ म्हणून गेल्या, फारसीत ‘अन्वार-ए-सुहेली’ झाल्या, चित्रकारांनी त्या रंगविल्या. कोणत्याही भाषेत त्यांना जन्मदाखला मागितला गेला नाही. कथेचा घात तिला कल्पित म्हटल्याने होत नाही. तिला खोटा दाखला मिळवून दिल्याने होतो. दाखला खोटा ठरला, की त्याच्याबरोबर निष्ठेची ती प्रतिमाही अकारण बदनाम होते.

रायगडावरील पुतळा कोठे असावा, हे इतिहासकारांनी आणि शासनाने ठरवावे. तो जेथे असेल तेथे त्याखाली काय लिहावे, हे मात्र साहित्याच्या अभ्यासकांनी सांगायला हवे: ही कथा कधी रूढ झाली, कोणी फुलवली, लोकांनी ती का जपली. असे चार ओळींचे टिपण विद्यापीठांतील मराठी विभागांना लिहिता येऊ नये, इतके ते अवघड नाही. ते लिहिले गेले नाही, याचे कारण प्राण्याच्या कल्पित चरित्राला गंभीर वाङ्मय मानण्याची तयारीच समीक्षेने कधी केली नाही.