ऊब आणि कोमटपणा : 'वाइप वॉर्मर' नावाच्या पेटीविषयी

साहित्य आणि समीक्षेला वाहिलेल्या या पानावर तान्ह्या मुलांच्या शी-शूची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज'मध्ये कपडे धुण्याची पावडर आणि मुलांची खेळणी यांचे वाचन केले, आणि रोजच्या वापरातली वस्तू हीदेखील एक संहिता असते हे दाखवून दिले. आपल्या विद्यापीठांतून बार्थ अनेक वर्षे शिकवला जातो. पण तो शिकवला जातो फ्रेंच उदाहरणांसकट, आणि परीक्षा संपली की त्या उदाहरणांपाशीच ठेवून दिला जातो. आपल्या घरात शिरणाऱ्या वस्तूंवर ती दृष्टी वळवण्याची सवय आपल्याला फारशी लागलेली नाही. म्हणून आम्ही येथे एक अगदी क्षुल्लक वस्तू घेत आहोत. तिचे नाव 'वाइप वॉर्मर'.

वस्तू साधी आहे. झाकणाची एक प्लास्टिकची पेटी, तिच्यात कमी शक्तीचे तापक, आणि बाहेर विजेची वायर. बाळाचे ढुंगण पुसण्याचे ओले वाइप्स या पेटीत ठेवायचे. पेटी दिवसरात्र चालू राहते आणि वाइप साधारण अंगाच्या तपमानाइतका कोमट मिळतो. अमेरिकेत ती सर्रास विकली जाते. किंमत साधारणपणे २५-३० डॉलरच्या घरात. तेथे मूल जन्मण्यापूर्वी 'बेबी रजिस्ट्री' नावाची यादी करण्याची रीत आहे. होऊ घातलेले आईबाप हव्या असलेल्या वस्तूंची यादी दुकानाकडे नोंदवतात आणि आप्तमित्र त्यांतली एकेक वस्तू भेट देतात. या यादीत वाइप वॉर्मर वारंवार दिसतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात लेकीसुनांच्या बाळंतपणाला जाणाऱ्या मराठी आजींना या यादीची आता चांगली ओळख झालेली आहे. तेव्हा प्रश्न असा की, नवजात बाळासाठी ही पेटी विकत घ्यावी काय?

आमचे उत्तर : घेऊ नये. आणि हे उत्तर काटकसरीपोटी आलेले नाही. पंचवीस डॉलरांनी कोणाचे घर बुडत नाही, आणि ही पेटी वीजही फारशी खात नाही. आमचा आक्षेप त्या पेटीबरोबर घरात येणाऱ्या विधानाला आहे. ते विधान असे : गार वाइप लागणे हा बाळावर होणारा अन्याय आहे, आणि तो टाळणे हे चांगल्या आईचे लक्षण आहे.

प्रथम वस्तूच्या दाव्याची तिच्याच भूमीवर परीक्षा करू. नवजात बाळाला थंडी बाधते हे खरे आहे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, आणि मोठ्या माणसासारखे कुडकुडून उष्णता निर्माण करणे त्याला जमत नाही. पण ही उष्णता जाते कशी? तिच्या जाण्याची एक मोठी वाट बाष्पीभवनाची आहे. शाळेत शिकलेले गणित येथे उपयोगी पडते. एक ग्रॅम पाणी २२ अंश सेल्सियसवरून ३७ अंशांपर्यंत तापवायला १५ कॅलरी उष्णता लागते. तेच एक ग्रॅम पाणी त्वचेवरून वाळून जाते तेव्हा सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. म्हणजे वाइप तापवून जे मिळवले त्याच्या जवळजवळ चाळीसपट, अंग ओले ठेवल्याने घालवण्याची सोय झाली. ज्याला बाळाच्या उबेची खरोखर काळजी आहे त्याने पुसण्याचे साधन तापवण्यापेक्षा पुसलेला भाग मऊ कोरड्या फडक्याने चटकन टिपावा आणि बाळाला पुन्हा गुंडाळावे. या कोरड्या फडक्याची जाहिरात कोणी करत नाही. ते जुन्या सुती साडीचे निघते.

शिवाय वाइप हा पातळ आणि ओला पदार्थ. पेटीतून काढून तो बाळापर्यंत नेईपर्यंत त्याचा कोमटपणा उतरू लागतो. पेटीत तो राहावा तर वाइप वाळतात. ते वाळू नयेत म्हणून पेटीत पाणी घालत राहावे लागते. तळचे वाइप पिवळट-तपकिरी पडल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. आणि ओलसर, कोमट, बंद जागा जंतूंना व बुरशीला मानवते, म्हणून पेटी वरचेवर धुवावी लागते. रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी 'मोअर वर्क फॉर मदर' या १९८३च्या ग्रंथात घरगुती यंत्रांच्या इतिहासाविषयी जो सिद्धान्त मांडला तो येथे जसाच्या तसा लागू पडतो. यंत्र आले तरी गृहिणीचे काम कमी झाले नाही, कारण यंत्राबरोबर 'नीट केलेले काम' म्हणजे काय याची कसोटीही उंचावली. दिवसाला आठ-दहा वेळा लंगोट बदलणाऱ्या आईला या पेटीने एक काम वाचवून दिलेले नाही. दोन नवी कामे लावून दिली आहेत, आणि ती न केल्याची रुखरुखही.

आता त्या विधानाच्या भाषेकडे येऊ. साहित्याच्या वाचकांना खरा रस तेथे असावा. मराठीत 'उष्णता', 'ऊन', 'कढत', 'कोमट' आणि 'ऊब' हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाणी कोमट असते; त्याला कोणी उबदार म्हणत नाही. गोधडीत, कुशीत, घरात असते ती ऊब. अंगाला अंग लागल्याशिवाय, निदान कोणीतरी कोणासाठी पांघरूण ओढून घेतल्याशिवाय तो शब्द मराठी माणसाच्या तोंडी सहसा येत नाही. इंग्रजीत मात्र एकच शब्द पाण्यालाही चालतो आणि मायेलाही, आणि जाहिरातीला ही सोय फार मोलाची आहे. पेटी जे देते तो कोमटपणा. विकते ती ऊब. बार्थ यांनी ज्याला मिथक म्हटले त्याची घडण अशीच असते. इतिहासात केव्हातरी, कोणाच्या तरी नफ्यासाठी तयार झालेली गरज निसर्गदत्त म्हणून समोर ठेवली जाते. ओला वाइप हीच मुळात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली वस्तू. आधी कोमट पाण्याच्या जागी थंड वाइप विकायचा, आणि मग तो थंड आहे ही उणीव दूर करणारी पेटी विकायची! कोमट पाणी घरात होतेच.

उबेचा प्रश्न किरकोळ आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट तो इतका गंभीर आहे की त्याची अशी विटंबना आम्हाला सहन होत नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीबाई जोशी यांचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले. त्या पुढे फिलाडेल्फियाला गेल्या, आणि १८८६ साली वैद्यकीय पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. नवजात बाळाचे जगणे हा मराठी समाजाच्या आधुनिक इतिहासातला असा जिव्हारी लागलेला विषय आहे. जागतिक आरोग्य संघटना बाळाच्या उबेविषयी जे सांगते त्यात प्रसूतीची खोली २५ ते २८ अंशांवर ठेवणे, जन्मताच बाळाला कोरडे करणे, आईच्या अंगाशी धरणे, लवकर अंगावर पाजणे आणि पहिली अंघोळ निदान २४ तास लांबवणे या गोष्टी येतात. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८च्या सुमारास डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा काचपेट्या पुरत नव्हत्या, ही त्यामागची अडचण होती. त्या अडचणीतून निघालेली 'कांगारू' पद्धत आज जगभर मान्य आहे. आणि आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले : ३९ गावांत नवजात बालमृत्यूचे प्रमाण तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले. बाळाला उबदार राखणे हा त्या शिकवणुकीचा एक महत्त्वाचा भाग होता. या सगळ्या प्रयत्नांत उबेची साधने कोणती, ते पाहावे : कोरडे कापड, आईचे अंग, आणि समज असलेली दुसरी बाई.

येथे विरुद्ध पक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते उष्णतेच्या गणिताचे नसते. ते असे असते : बाहेर शिकागोचा जानेवारी, रात्रीचे तीन वाजलेले, टाके ओले, नवऱ्याची रजा संपलेली, आई-सासू सात समुद्रांपलीकडे, गार वाइप लागताच बाळ दचकून टाहो फोडते आणि पुढचा तास जातो. या बाईला तुमचे बार्थ आणि बाष्पीभवन काय कामाचे? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला उपहासाने उत्तर देणारा मनुष्य आमच्या पंक्तीत नको. पण उत्तर आहे. वाइप दोन तळव्यांत दहा सेकंद दाबून धरला की त्याचा गारठा जातो. थर्मासमध्ये कोमट पाणी आणि वाटीत कापूस ठेवला तर वाइपचीही गरज नाही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा आजही कापूस व कोमट पाणी किंवा सुगंधविरहित वाइप, असाच सल्ला देते. बाळ रात्री रडते ते झोपमोड झाल्यामुळे, उघडे पडल्यामुळे, भूक लागल्यामुळेही. त्यांतली एकही गोष्ट पेटीने सुटत नाही. आणि मुख्य म्हणजे, त्या वर्णनात जे सर्वांत भयंकर आहे ते वाइपचे तपमान नव्हे. भयंकर आहे तो एकटेपणा. संघराज्याच्या कायद्याने पगारी बाळंतरजेचा सार्वत्रिक हक्क न देणारा देश त्या बाईला पेट्यांची यादी मात्र भरभरून देतो. पेटी हे त्या एकटेपणावरचे उत्तर नाही. तो एकटेपणा दिसू नये म्हणून वर ठेवलेले झाकण आहे.

मात्र एवढे बोलून आम्ही आजींच्या बाजूला जाऊन बसणार नाही. 'आमच्या वेळी नव्हती असली थेरं' हा युक्तिवाद नव्हे. त्या वेळी बाळंतिणीच्या काळोख्या खोलीत शेगडीचा धूर कोंडलेला असे, आणि तो आईच्या व बाळाच्या छातीत जाई. लंगोटांचे ढीग धुणाऱ्या बाईचे हात गार पाण्याने फुटत असत, आणि ती बाई बहुधा घरातली नसे. वाइप आणि तयार लंगोट यांनी स्त्रियांचे काही कष्ट निश्चित वाचवले. ते परत लादू पाहणारी स्मरणरंजने आम्हाला मान्य नाहीत. परंपरेतून घ्यायचे असेल तर बाळंतविडा घ्यावा. झबली, टोपडी, कुंची, दुपटी अशा भेटीची ती रीत आणि आजची रजिस्ट्री यांत आप्तांनी नव्या जिवाचे स्वागत करावे ही भावना समान आहे. फरक असा की बाळंतविड्यात काय द्यायचे हे बाळ पाहिलेली बायामाणसे ठरवत. रजिस्ट्रीत ते विकणारा सुचवतो, आणि त्याच्या सूचनेला 'आवश्यक' असे विशेषण लावलेले असते. या एका विशेषणाचा अर्थ कोण ठरवतो, हा आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला वाङ्मयीन प्रश्न आहे.

कोणाकडे ही पेटी आधीच आली असेल, तर तिने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. स्वच्छ ठेवून ती खुशाल वापरावी. आमचा रोख आईवर नाही. पण ज्यांनी अजून घेतलेली नाही, आणि ज्यांना भेट द्यायची आहे, त्यांनी त्या पैशांत दुसरे काही करावे. दोन रात्रींचे जेवण शिजवून पोचवावे. एक थर्मास द्यावा. मऊ सुती दुपटी द्यावीत, बाळाला चटकन कोरडे करता येईल इतकी. आणि शक्य असेल तर एखाद्या पहाटे जाऊन बाळ स्वतः घ्यावे, म्हणजे आईला तीन तास सलग झोप मिळेल. साहित्याच्या अध्यापकांनी तर ही पेटी वर्गात न्यावी. तिच्या खोक्यावरचा मजकूर विद्यार्थ्यांपुढे ठेवावा आणि त्यातले 'ऊब' या अर्थाचे शब्द कोठे कोठे, कोणासाठी वापरले आहेत ते मोजायला सांगावे. बार्थवरची प्रश्नपत्रिका त्याहून चांगली निघणार नाही.